आधी माल, मग मशीन

प्रश्न : काका, आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या बचत गटाच्या बायका. थर्माकोल दाबून ठोकळे करणारं मशीन घ्या म्हणून एक एजंट आमच्या मागं लागलाय. लग्नकार्यातले फोमचे कप-वाट्या आणि दुकानांतलं पॅकिंगचं थर्माकोल, सगळं त्यात घाला, ठोकळे फोटो फ्रेमवाले विकत घेतात, म्हणतो. बँकेचं कर्ज काढून घ्यावं का?
– एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, एजंट खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतोय. ठोकळ्यांना गिऱ्हाईक असतं हे खरं. ते वितळवून त्यांचा प्लास्टिकचा दाणा करतात आणि दाण्यातून फ्रेमच्या पट्ट्या, हँगर असलं काय काय ओततात. घरातल्या देवाच्या तसबिरीची सोनेरी चौकट मागच्या बाजूनं नखानं खरवडून बघा. लाकूड म्हणून घेतलेलं पुष्कळदा हेच निघतं.

कप-वाट्यांचा विषय लवकर संपवतो. थर्माकोलचे कप आणि ताटं कर्नाटकात २०१६ पासून बंद, महाराष्ट्रात २०१८ पासून आणि १ जुलै २०२२ पासून देशभर. महाराष्ट्रातून कोगनोळीचा नाका ओलांडून आणले तरी नियम तोच. लग्नात अजून दिसतात ते चोरून आलेले, आणि चोरून येणाऱ्या मालाच्या भरवशावर बँकेचा हप्ता बांधू नये. शिवाय वाटीला आमटीचा तवंग असतो. ती धुवायची कुणी, आणि खानापूरच्या पावसात वाळवायची कुठं? चहाचे कागदी कप तर यात घालूच नका. त्यांना आतून प्लास्टिकचा वेगळा थर असतो, तो मिसळला की ठोकळ्याचा भाव पडलाच.

पॅकिंगच्या थर्माकोलवर अशी बंदी नाही. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीनच्या खोक्यातून ते कोरडं आणि स्वच्छ निघतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत विजेच्या मोटारी आणि सुटे भाग येतात त्यातही असतं. गोळा करताना एक तुकडा हातात घेऊन मोडा. कटकन मोडून दाणे सुटले तर थर्माकोल. नुसता वाकला, मोडलाच नाही, तर तो दुसरा फोम, त्याचं पोतं वेगळं ठेवा.

आता मशीन लागतं कशाला, ते नीट समजून घ्या. थर्माकोलमध्ये शेकडा ९८ भाग हवा. घनमीटरला फार तर १५ ते ३० किलो भरतं, आणि तुकडे करून नुसते ओतले तर फटींमुळं त्याहून कमी. पाऊण टन ओढणारा छोटा हत्ती काठोकाठ भरून दोरीनं बांधलात तरी आत पन्नासेक किलो माल. भाडं मात्र पुऱ्या गाडीचं. म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही, आणि म्हणूनच ते तुरमुरीच्या कचरा डेपोवर जातं नाहीतर कोपऱ्यात पेटवलं जातं. काळी काजळी आणि घशाला झोंबणारा धूर, मुलांना तिथं फिरकू देऊ नका.

मशिनं दोन तऱ्हेची. एक वितळवणारं. त्यात माल जास्त आटतो, पण वाफ निघते आणि ती ओढून बाहेर नेणारी सोय लागते. वस्तीत मी ते सुचवणार नाही. दुसरं स्क्रूचं, गार दाबाचं. वरून टाकलेले तुकडे आधी दात्यांत चुरतात, मग स्क्रू तो चुरा अरुंद नळीत रेटतो. घासून जी ऊब येते तेवढ्यानं चुरा एकमेकाला चिकटतो आणि तोंडातून चौकोनी दांडा हळूहळू सरकत बाहेर येतो. हाताला कोमट लागतो, लांबी बघून तोडायचा. चाळीस-पन्नास पोत्यांचा माल एका पोत्याच्या जागेत बसतो. कुणी पुठ्ठा दाबायचा साधा हायड्रॉलिक प्रेस स्वस्तात देतो म्हणेल, त्याला नमस्कार करा. न चुरता दाबलेलं थर्माकोल दाब सोडला की परत फुगतं.

तेव्हा कर्ज आत्ता नको. आधी दिवाळीचा हंगाम धरून दुकानदारांशी बोला, किती पोती निघतात ते वहीत मांडा आणि चिकटपट्ट्या, लेबलं सोलून माल पत्र्याखाली ठेवा. उघड्यावर ठेवलात तर वाऱ्यानं अख्ख्या गावात दाणे पांगतील आणि सगळे तुमच्याच नावानं ओरडतील. तिथं विडी आणि वेल्डिंग अजिबात नको, हे पेटतं फार लवकर.

मग एजंटला सांगा, आमचीच पोती तुझ्या मशीनवर चालवून दाखव. निघालेला ठोकळा घेऊन दाणा करणाऱ्याकडं स्वतः जा, किलोचा भाव आणि कमीत कमी किती माल उचलणार ते लिहून घ्या. त्या भावातून वीज, भाडं आणि बायकांची मजुरी वजा करून हप्ता सुटत असेल तरच बँकेत जा. थ्री फेज वीज किती तास मिळते, हेही त्याच वहीत लिहा. एजंटच्या हिशेबात ते नसणार.