आमचं बाळ दीड महिन्याचं आहे. फॉर्म्युला दुधासाठी पाणी नीट उकळून गार करून घेतो, तरी बाळाला जंतूंचा धोका असतो का? रात्रीच्या दोन बाटल्या आधीच बनवून ठेवल्या तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नका ठेवू. पहिल्याचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमचं बाळ दीड महिन्याचं आहे आणि नेमकी हीच चूक आमच्या घरी रोज होत होती.

माझी लेक ३४व्या आठवड्यातच जन्मली, वजन १ किलो ८०० ग्रॅम, अंगावरचं दूध पुरेना म्हणून डॉक्टरांनी पावडर लिहून दिली. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात, त्यामुळे सगळ्यांची काळजी पाण्याचीच, सासूबाई पातेलंभर पाणी खळखळ उकळायच्या, झाकून गार करायच्या आणि मग त्या कोमट पाण्यात पावडर कालवायची. पावडरीकडे कुणी बघतच नव्हतं. रिफिलचं पाकीट फोडून लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत ओतलेलं, चमचा आतच, आणि एकदा पहाटे तीनला बघते तर चमच्याच्या दांड्याला ओलसर पावडरचे गोळे चिकटलेले, म्हणजे भांडी धुतलेले ओले हातच आत जात होते. अंगावर काटाच आला माझ्या.

मुळात पावडर निर्जंतुक नसते, सीलबंद असो, कितीही महागाची असो. दूध कारखान्यात तापवतात खरं, पण नंतर वाळवताना, भरताना जंतू शिरू शकतात, आणि क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पावडरीत महिनोन्महिने जिवंत राहतो. साल्मोनेलाचंही तेच. अमेरिकेत २०२२ मध्ये मिशिगनच्या स्टर्जिस गावातल्या ॲबॉट कंपनीच्या फॉर्म्युला कारखान्यात हा क्रोनोबॅक्टर सापडला, माल परत मागवला, कारखाना बंद पडला आणि दुकानांत फॉर्म्युला मिळेना. आजार क्वचितच होतो, पण दोन महिन्यांच्या आतलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर मेंदूज्वर नाहीतर रक्तात संसर्ग, जिवावर बेतू शकतं.

म्हणजे गरम पाणी हवं ते पावडरीतल्या जंतूंसाठी! पाणी उकळून गार केलं की पाण्यातले मेले, पावडरीतले तसेच राहिले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पावडर घालताना पाणी ७० अंशांच्या खाली नको, म्हणून लिटरभर पाणी उकळून झाकून ठेवायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. पावडर कालवून झाल्यावर बाटली गार पाण्याच्या भांड्यात धरायची, मनगटावर थेंब टाकून कोमट लागलं की मगच पाजायचं. पुष्कळ डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं, काहींत प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला चांगले जिवंत जंतू, असतात जे गरम पाण्यात मरतात, तर तुमचा डबा बाळाच्या डॉक्टरांना दाखवून एकदा विचाराच.

बनवलेलं दूध दोन तासांत संपवा, बाळाने तोंड लावून उरलेलं सरळ ओतून द्या, जीव कितीही तुटला तरी, कारण इथल्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेल्या बाटलीत जंतू भराभर वाढतात. अगदीच नाइलाज असेल तर लगेच गार करून फ्रिजमध्ये आत ठेवायची, दारात नाही, आणि चोवीस तासांच्या वर नाही. पण रात्री उठून ताजं करणं बरं, आम्ही नवरा-बायको पाळीपाळीने उठायचो.

चमचा डब्याबाहेर, कोरडा ठेवा. बाटली, निपल घासून उकळा.

आणि बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, ताप आला किंवा अंग गार लागलं, वेगळंच किंचाळून रडलं तर सकाळची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा आणि पावडरचा डबा सोबत न्या.