पगार हा शब्द मराठी की परका?
तुम्ही विचारलंय पगार शब्द कुठला, तर तो पोर्तुगीजांकडून आलाय, त्यांच्यात 'पगार' म्हणजे पैसे देणं, म्हणजे क्रियापद, आपण त्याचं नाम केलं. पण खरी मजा पुढे आहे. त्याचं मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणं, आणि ते आलं 'पाक्स' म्हणजे शांतता यातून. रोमन लोक हाच शब्द जिंकलेला मुलूख वठणीवर आणायलाही वापरायचे! मग सावकाराला शांत करणं म्हणजे त्याचे पैसे देणं, असा अर्थ सरकत गेला. इंग्रजीतले पे आणि पीस दोन्ही त्याच घरातले, पॅसिफिक महासागरसुद्धा. पोर्तुगीजमध्ये केल्याची फळं भोगणं यालाही पगारच म्हणतात. मला तरी हा आपल्या रोजच्या बोलण्यातला सगळ्यात भारी शब्द वाटतो.