कॉमिक्स वाचताना सुपरहिरो चित्रपटांचं पार्श्वसंगीत लावावं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. सुपरहिरो कॉमिक्स वाचताना त्याच नायकाच्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत मागे लावलं तर मजा वाढते का? नव्याने ऐकायचं तर कुठलं ऐकावं? आणि मोबाइलच्या स्पीकरवर भागेल का?

पहिल्याचं उत्तर सरळ देतो: नका लावू. मी या दोन्ही गोष्टींचा वेडा आहे, घरच्यांच्या दृष्टीने तर जरा जास्तच. पण दोन्ही एकाच वेळी मला झेपत नाहीत.

कॉमिक्समध्ये वेळेची दोरी वाचकाच्या हातात असते. एका चौकटीवर तुम्ही क्षणभर थांबाल नाहीतर पाच मिनिटं रेंगाळाल, मागे जाल, पुन्हा पुढे याल. लय असतेच, पण ती पानाच्या मांडणीत असते. फ्रँक मिलरचं १९८६ चं बॅटमॅनचं कॉमिक्स 'द डार्क नाइट रिटर्न्स' उघडून बघा. बऱ्याच पानांवर सोळा बारीक चौकटींची जाळी आहे. ब्रूस वेनच्या, म्हणजे बॅटमॅनच्या, आईवडिलांचा खून त्याने अशाच लहान लहान चौकटींत, जवळजवळ एकही शब्द न वापरता दाखवलाय. आईच्या गळ्यातली मोत्यांची माळ तुटते आणि मोती सुटे होतात, एवढंच, पण डोळा एकेका चौकटीवर अडखळत जातो. आणि अशा दाटीवाटीच्या पानांनंतर मध्येच अख्ख्या पानाचं एकच चित्र येतं, तेव्हा कानात काहीही वाजत नसताना समेवर आल्यासारखं वाटतं. हे चालू असताना मागे बॅटमॅनपटांचा संगीतकार हान्स झिमर याचे ढोल लावले तर गवई एका तालात आणि तबलजी दुसऱ्याच तालात, अशी गत होते. डोळे नकळत संगीताच्या गतीने पळायला लागतात आणि मिलरने घातलेली लय मोडते.

आता दुसरा प्रश्न. याबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. कॉमिक्समधल्या नायकाचे लेखक बदलतात, चित्रकार बदलतात, कथानक दर काही वर्षांनी पुसून नव्याने लिहिलं जातं, मेलेली माणसं परत येतात. टिकतं ते छातीवरचं चिन्ह. चांगल्या पार्श्वसंगीताने हे चिन्हाचं काम करावं. डोळे मिटूनही कोण आलंय ते कळलं पाहिजे.

या कसोटीवर पहिला नंबर जॉन विल्यम्सच्या 'सुपरमॅन'चा, १९७८. रिचर्ड डॉनरच्या या चित्रपटाची सुरुवातच कॉमिक्सने होते. पडदा सरकतो आणि जून १९३८ चा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा अंक दिसतो. सुपरमॅन पहिल्यांदा आला त्या अंकावर हाच महिना छापलेला होता. लहान मुलाच्या आवाजात निवेदन चालतं, पान उलटतं, मग कॅमेरा त्या जुन्या काळ्यापांढऱ्या जगातून थेट अंतराळात घुसतो, नावं सुसाट अंगावर येतात आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू होतो. कागदावरचं चित्र उडायला लागलं, हे तिथे आधी कान सांगतो. त्या धूनचा कणा षड्जावरून पंचमावर घेतलेली झेप आहे. संवादी स्वर, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात शंकेला जागाच राहत नाही. हा माणूस भला आहे. पुढे तीन स्वर असे येतात की सगळा वाद्यवृंद मिळून 'सु-पर-मॅन' म्हणतोय असंच वाटतं. त्या वर्षीचं ऑस्कर विल्यम्सला मिळालं नाही. ते जॉर्जिओ मोरोडरच्या 'मिडनाइट एक्सप्रेस'च्या सिंथेसायझरला गेलं. आज त्या संगीतातलं किती जणांना गुणगुणता येईल, हे मी विचारणार नाही. (विचारलंच म्हणा.)

चिन्ह म्हणजे काय ते पुढच्या इतिहासात दिसतं. २००६ च्या 'सुपरमॅन रिटर्न्स'मध्ये जॉन ऑटमनने तीच धून परत आणली, आणि २०२५ च्या 'सुपरमॅन'मध्ये जॉन मर्फी आणि डेव्हिड फ्लेमिंग यांनी तिला इलेक्ट्रिक गिटारवर चढवलं. नट बदलले, दिग्दर्शक बदलले, सूर तोच राहिला. मधे २०१३ मध्ये हान्स झिमरने 'मॅन ऑफ स्टील'साठी विल्यम्सला पूर्ण बाजूला ठेवून पियानो आणि एकदम डझनभर ड्रमवाल्यांचा ताफा वापरला. ते संगीत वाईट नाही. मला त्यातला पियानोचा भाग फार आवडतो. पण चिन्ह म्हणून ते रुजलं नाही, आणि बारा वर्षांनी लोक पुन्हा विल्यम्सकडेच गेले.

मग बॅटमॅन. १९८९ मध्ये टिम बर्टनने हे काम डॅनी एल्फमनला दिलं. हा माणूस 'ओइंगो बोइंगो' नावाच्या रॉक बँडचा गायक, संगीताचं रीतसर शिक्षण नाही. लंडनजवळचा सेट बघून परतताना विमानात त्याला धून सुचली. शेजारच्या प्रवाशासमोर गुणगुणणार कसं? म्हणून तो सारखा स्वच्छतागृहात जाऊन टेपरेकॉर्डरमध्ये ती गाऊन ठेवत होता. विमानातल्या कर्मचाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो. घरात पेटी असेल तर आत्ता वाजवून बघा: सा, रे, कोमल ग, मग उडी मारून कोमल ध, आणि तिथून पंचमावर उतरायचं. पाचच स्वर, आसावरी थाटातले. पहिले तीन जिना चढल्यासारखे, चौथा भलताच वर, पाचवा दबकत खाली. सुपरमॅन पंचमावर झेप घेतो आणि हा त्याच पंचमावर वरून, अंधारातून उतरतो. हे एल्फमनच्या डोक्यात होतं असा माझा दावा नाही, पण पेटीवर एकामागून एक वाजवलं की दोन्ही माणसं समोर उभी राहतात. त्यातला काळोख बर्नार्ड हरमनच्या, म्हणजे हिचकॉकच्या 'सायको'ला संगीत देणाऱ्याच्या, घराण्याचा आहे, आणि हरमनवरची भक्ती एल्फमनने कधी लपवलेली नाही.

पुढे २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्डने बॅटमॅनसाठी दोनच स्वर ठेवले: सा आणि कोमल ग. त्याचा शत्रू जोकर, त्याला तर धूनसुद्धा नाही. चेलोवर ओढत नेलेला, ताणून ताणून तुटायला आलेला एकच स्वर. तो जोकर मला जबरदस्त वाटतो, कारण ज्याला भूतकाळच नाही त्याला चाल कशाला हवी? बॅटमॅनच्या दोन स्वरांबद्दल मात्र माझी कुरकुर आहे. चित्रपटात ते चपखल बसतात, पण चित्रपटाबाहेर पाऊल टाकलं की विरून जातात.

एल्फमनच्या त्या वाद्यवृंदासमोर छडी घेऊन उभी होती शर्ली वॉकर. तुम्ही या उत्तरातून एकच नाव लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. रॉक बँडवाल्याच्या मागे कोणीतरी 'खरा' संगीतकार आहे अशी कुजबुज तेव्हा हॉलिवूडमध्ये बरीच झाली. वाद्यरचना करणारा स्टीव्ह बार्टेक आणि वॉकर, दोघांचीही नावं त्यात ओढली गेली. आपल्याकडे हे नातं नवं नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटांत गोव्याच्या अरेंजरांनी, अँथनी गोन्सालविस आणि सेबॅस्टियन डिसूझासारख्यांनी, पन्नास-साठच्या दशकांत वाद्यवृंद उभे केले आणि पडद्यावर नाव दुसऱ्याचं आलं. फरक इतकाच की एल्फमनच्या बाबतीत धून निःसंशय त्याची होती, आणि पुढे वॉकरला स्वतःचं मैदान मिळालं.

ते मैदान म्हणजे १९९२ ची 'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज'. मुलांचं कार्टून, पण पार्श्वभूमीची चित्रं काळ्या कागदावर रंगवलेली, त्यामुळे गॉथम शहर मुळातच अंधारात भिजलेलं. आणि दर भागाला नवं संगीत, तेही खराखुरा वाद्यवृंद बसवून. त्या काळात टीव्हीवरच्या कार्टूनसाठी असा खर्च म्हणजे चैन होती. सुरुवातीची नामावली एल्फमनच्या धूनवर चालते, पण भागांच्या आत वॉकरने स्वतःचा बॅटमॅन उभा केला: जास्त थकलेला, जास्त शोकाकुल. एल्फमनचा बॅटमॅन इमारतीच्या टोकावर उभा असतो, तर वॉकरचा काम आटोपून घरी परतलाय आणि घरात कोणी नाहीये. खलनायकांनाही तिने आपापले सूर दिले. कॉमिक्सचा चित्रकार जोकरसाठी जांभळा आणि हिरवा ठरवून ठेवतो, तसेच हे रंग. जोकरची साथीदार हार्ली क्विन आधी याच कार्टूनमध्ये जन्मली आणि नंतर कॉमिक्समध्ये गेली, म्हणजे इथे प्रवाह उलटा वाहिला. हाताखालच्या तरुण संगीतकारांना वॉकरने याच मालिकेत घडवलं. लोलिता रिटमॅनिस, मायकेल मॅक्विस्टियन, क्रिस्टोफर कार्टर ही मंडळी पुढे वर्षानुवर्षं या नायकांना संगीत देत राहिली.

१९९३ चा 'मास्क ऑफ द फँटॅझम' हा त्याच मालिकेतून निघालेला चित्रपट. त्याच्या सुरुवातीला गायकवृंद गंभीर, लॅटिन प्रार्थना वाटावी असं काहीतरी गातो. ती प्रार्थना नाही. स्टुडिओतल्या माणसांची नावं उलटी करून गायली आहेत! चर्चमध्ये बसल्यासारखे हात जोडून ऐकावं आणि मग हे कळावं. मला तर त्यामुळे ते आणखीच आवडतं. वॉकर २००६ मध्ये गेली. तेव्हाही मोठ्या हॉलिवूडपटांना संगीत देणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

मार्व्हलबद्दल लोकांची नेहमीची तक्रार असते की इतके चित्रपट येऊन गेले, चाल एकही आठवत नाही. तक्रार अर्धी खरी आहे. 'आयर्न मॅन'च्या तीन चित्रपटांना तीन संगीतकार: रामिन जवादी, जॉन डेबनी, ब्रायन टायलर. 'थॉर'च्या पहिल्या तिघांनाही तीन वेगळे. प्रत्येकाने नवी चाल बांधली, म्हणजे दर चित्रपटात नायकाच्या छातीवर वेगळं चिन्ह. दुसरं कारण टेम्प ट्रॅक. संकलन चालू असताना तात्पुरतं म्हणून दुसऱ्या कुठल्यातरी चित्रपटाचं संगीत दृश्याखाली लावतात, दिग्दर्शकाच्या कानाला त्याची सवय होते आणि मग संगीतकाराला सांगतात, 'असंच काहीतरी दे.' तो बिचारा असंच काहीतरी देतो. अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्रीची २०१२ ची 'अ‍ॅव्हेंजर्स'ची चाल यातून सुटली, कारण सिल्व्हेस्ट्री स्वतः परत परत आला. २०१९ च्या 'एंडगेम'मध्ये सगळे नायक एकत्र येतात तेव्हा थिएटरात ज्या शिट्ट्या पडल्या, त्यातल्या निम्म्या त्या चालीच्या होत्या.

मार्व्हलमधलं सर्वांत मेहनतीचं काम लुडविग गोरान्सनचं, 'ब्लॅक पँथर', २०१८. हा नायक स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ मध्ये 'फँटॅस्टिक फोर'च्या ५२व्या अंकात आणला. कर्बीने वकांडाचं, म्हणजे हा नायक जिथला राजा आहे त्या काल्पनिक आफ्रिकी देशाचं, यंत्रांचं जंगल काय काढलंय! पण अर्थात मुकं. त्या देशाचा आवाज कसा असेल हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण तो देशच नाही. गोरान्सन सेनेगलला गेला, गायक बाबा माल यांच्यासोबत हिंडला, दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकी संगीताच्या संग्रहालयात बसून जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली. राजासाठी त्याने टामा निवडला. डमरूसारख्या घाटाचं वाद्य, काखेत धरून दोऱ्या आवळल्या की स्वर चढतो, त्यामुळे ते बोलल्यासारखं वाजतं. इथे ते 'टी-चा-ला' असं राजाचं नाव घेतं. विरोधकासाठी फुला जमातीची बासरी, ज्यात वाजवणारा फुंकता फुंकता ओरडतोही. याला ऑस्कर मिळालं, सुपरहिरोपटाच्या संगीताला पहिल्यांदाच. पुढच्याच वर्षी हिल्दुर गुडनाडोटिरला 'जोकर'साठी मिळालं. तेही ऐका, पण रात्री एकटे असताना नको.

तरुण मंडळींसाठी स्पायडर-मॅनचा अ‍ॅनिमेशनपट 'इनटू द स्पायडर-व्हर्स', २०१८. त्यातली चित्रं मुद्दाम छापील कॉमिक्ससारखी, ठिपक्यांची, निवेदनाच्या चौकटींची आहेत. संगीतकार डॅनियल पेंबर्टनने वाद्यवृंदाचं संगीत तबकडीवर उतरवून डीजेकडून ती घासून घेतली. छापील पानाचा खरखरीतपणा कानाला जाणवतो तो मला फक्त इथेच. २०२३ चा पुढचा भाग भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. त्यात पवित्र प्रभाकर आहे, जो २००४ मध्ये 'स्पायडर-मॅन: इंडिया' या कॉमिक्समध्ये मुंबईच्या गच्च्यांवरून, धोतर नेसून उड्या मारत होता. ती मालिका चारच अंकांची, पण हाती लागली तर सोडू नका.

राहिला स्पीकरचा प्रश्न. विल्यम्स मोबाइलवर निभावतो, तुताऱ्या कुठूनही ऐकू येतात. एल्फमन अर्धाच पोचतो. झिमर मोबाइलवर ऐकूच नका, त्याचं निम्मं संगीत इतक्या खालच्या पट्टीत आहे की तो चिमुकला स्पीकर ते गिळून टाकतो आणि तुम्ही मलाच विचाराल की यात एवढं काय आहे. साधे कानात घालायचे वायरवाले हेडफोन चालतील. आणि वॉकरचं 'मास्क ऑफ द फँटॅझम' ऐकायचं असेल तर आधी चित्रपट बघू नका. अल्बम ऐका, मग चित्रपट बघा.