संदर्भाचा कंस कुठे द्यायचा?
प्रबंध लिहिताना संदर्भ शेवटी एकदम टाकू, असं करू नकोस. वाचतानाच लेखक, वर्ष, पान टिपून घे. नंतर शोधताना नाकी नऊ येतात. एपीए आणि एमएलए या संदर्भ देण्याच्या दोन ठरलेल्या शैली आहेत. एपीए शैलीत कंसात लेखकाचं आडनाव आणि वर्ष येतं, एमएलएत आडनाव आणि पान. शब्दशः उतारा घेतलास तर एपीएतही पान द्यायचंच.

वाक्य तुझ्या शब्दांत असलं तरी विचार दुसऱ्याचा असेल, तर संदर्भ हवाच. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. अख्ख्या परिच्छेदाच्या शेवटी एकच कंस टाकला, की त्यातलं तुझं मत कोणतं आणि उसनं काय, हे परीक्षकांना कळत नाही. ज्या वाक्यात घेतलेला मुद्दा आहे, त्याच वाक्यात कंस दे. शैली कोणती, ते मार्गदर्शकांना आधीच विचार.