कॉलम वाचण्याआधी बॉक्स स्कोअर बघ

अरे, आपला न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ मेट्स हरला की सकाळी स्थानिक पेपरातला कॉलम वाचून तुझा जो तिळपापड होतो ना, तसा माझाही व्हायचा. 'पोरांत जिंकायची भूकच दिसली नाही' एवढं छापलं की झालं यांचं विश्लेषण! हे वाक्य सामना न बघताही लिहिता येतं.

तू एक सवय लाव. आधी बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकड्यांचा तक्ता, मग लेख. 2018 चा मेट्सचा पिचर (बॉल टाकणारा) जेकब डीग्रॉम घे. 10 विजय, 9 पराभव. नुसतं एवढंच वाचलं तर पिचर बेताचा वाटतो. पण त्याचा ईआरए होता 1.70, म्हणजे सरासरी नऊ इनिंगमागे त्याने दोन रन्ससुद्धा दिल्या नाहीत. हा बिचारा चोख बॉल टाकायचा आणि आपल्या बॅटर्सच्या रन्सच व्हायच्या नाहीत. मग पिचरच्या खात्यात 'विजय' येणार कुठून? त्या वर्षीचा साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, त्यालाच मिळाला, आणि तिथे मतं पत्रकारच देतात बरं का. तेव्हा सगळे एकाच माळेचे मणी समजू नकोस.

बीट रायटर, म्हणजे संघाचा रोजचा बातमीदार, वेगळा. 162 सामन्यांच्या हंगामात तो संघामागे गावोगाव फिरतो. त्याचं जरूर वाच. शेरेबाजीवाला खुशाल सोड. आकड्यांना बेसबॉल रेफरन्स ही वेबसाइट पुरे.

संपादकाला पत्र लिहायचंच असेल तर शिव्या नकोत. चुकीचा आकडा, बरोबर आकडा, दोन ओळी. माझं एक छापून आलं होतं, अगदी तळाशी.