भस्त्रिका करून पाण्यात उतरू नकोस

अंडरवॉटर हॉकीसाठी, म्हणजे पूलच्या तळाशी खेळायच्या हॉकीसाठी, 40 सेकंदांचा दम 2 मिनिटांवर कसा न्यायचा, असं तू विचारलंस. सोबत लिहिलंस की स्विमिंग पूलच्या काठावर जोरजोरात भस्त्रिका, म्हणजे भराभर खोल श्वास घ्यायचा-सोडायचा प्राणायाम, करतोस आणि मग एकटाच एका दमात 25 मीटर मारतोस. हे आजपासून बंद कर, भाऊ.

श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून. भस्त्रिकेने तू तोच आधी बाहेर टाकतोस. ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही, रक्त त्याने तसंही जवळपास भरलेलंच असतं. मग खाली पाय मारताना ऑक्सिजन संपत जातो आणि घुसमट व्हायच्या आतच शुद्ध हरपते. भस्त्रिका घरी सतरंजीवर खुशाल कर, पाण्याआधी नको.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मे महिना होता, पूल माणसांनी गच्च. आमच्यातला सगळ्यात दमदार पोरगा पाण्याखालून येत होता. भिंत हातभर राहिली आणि त्याचे पाय थांबले. हात तसाच पुढे लांबलेला, तोंडातून दोन-चार बुडबुडे. आम्हाला वाटलं, भिंतीला हात लावून थांबलाय. वर काढला तर ओठ जांभळे. तोंडाने श्वास दिला, तिसऱ्या फुंकेला खोकला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "मी तर पोचलो होतो ना?" भिंत किती लांब राहिली होती ते त्याला आम्ही दाखवलं.

आणि या खेळाला 2 मिनिटांचा दम लागतच नाही. ॲलन ब्लेक यांनी 1954 मध्ये इंग्लंडात सुरू केला तेव्हापासून हा संघाने खेळायचा खेळ आहे. एका बाजूचे 6 जण पाण्यात, तळाला साधारण 1.3 किलोचा पक, म्हणजे जड चकती. दहा-पंधरा सेकंद खाली, मग पक साथीदाराला देऊन वर, स्नॉर्केलमधून (तोंडात धरायच्या नळीतून) श्वास, की परत खाली. दम लवकर भरून येणं महत्त्वाचं. म्हणून 10 मीटर पाण्याखाली, वर येऊन सावकाश श्वास, छाती शांत झाली की पुन्हा, असा सराव कर.

आणि सराव जोडीनेच: एक खाली, तर दुसरा वरून नजर ठेवून. वर आल्यावरही अर्धा मिनिट बघायचं, शुद्ध तेव्हाही जाते. गेलीच तर तोंड पाण्याबाहेर, मास्क काढ, लाइफगार्डला हाक. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि सीपीआर, दुसऱ्याने 108 लावायचा. नागपूरच्या अंबाझरी-फुटाळा तलावांत हा सराव अजिबात नको, गढूळ पाण्यात जोडीदारालाही तू दिसणार नाहीस.

जोडीदार मिळेपर्यंत फिन्स घालून वरच्यावर पोह.