उभ्यानं पाहिलेलं लंडन

प्रश्न : ताई, आम्ही दोघं जुलैमध्ये सहा आठवडे मुलाकडे लंडनला येतो आहोत. मुलगा-सून दिवसभर कामावर असतील. आमची साठी उलटली आहे, पण नाटकाचं आणि गाण्याचं वेड अजून तसंच आहे. सौ. शाकाहारी आहे. मुलगा म्हणतो, चांगल्या नाटकाचं तिकीट शंभर पौंडांच्या घरात जातं, त्यामुळे आधीच धास्ती बसली आहे. टॉवर, राजवाडा वगैरे तो दाखवेलच. तुम्ही स्वतः संध्याकाळी कुठे जाता, काय खाता, तेवढं सांगा.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. तुम्ही ‘काय काय बघायचं’ असं न विचारता ‘तुम्ही कुठे जाता’ असं विचारलंत. मी इथे चोवीस वर्षं एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम केलं. त्यातली निम्मी वर्षं रात्रपाळीत गेली. पगार बेताचा आणि गाण्या-नाटकाची भूक मोठी, त्यामुळे या शहरात स्वस्तात काय मिळतं ते मला शोधावंच लागलं. म्हणून पहिल्यांदा ती शंभर पौंडांची धास्ती मनातून काढून टाका. लंडनमधल्या ज्या संध्याकाळी माझ्या लक्षात राहिल्या आहेत, त्यातल्या बहुतेक मी दहा पौंडांच्या आत आणि उभ्यानं घालवल्या आहेत.

तुम्ही अगदी योग्य महिन्यात येताय. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘प्रॉम्स’ चालतात. आठ आठवडे जवळजवळ रोज पाश्चात्त्य अभिजात संगीताची मैफल असते. 1895 साली हेन्री वुड यांच्या वाद्यवृंदानं याची सुरुवात केली ती क्वीन्स हॉलमध्ये. 1941 मध्ये बाँब पडून तो हॉल गेला आणि मैफली अल्बर्ट हॉलमध्ये आल्या. सर्वसामान्य माणसाला परवडेल अशा दरात उत्तम संगीत ऐकवायचं, हा हेतू पहिल्यापासूनचा आणि तो आजही पाळला जातो. उभं राहून ऐकायची तिकिटं आठ पौंडांच्या आसपास असतात आणि ती त्याच दिवशी सकाळी ऑनलाइन निघतात. मुलाला नाश्त्याच्या वेळी फोन हातात घेऊन बसवा.

उभं राहायच्या जागा दोन. एक ‘अरीना’, म्हणजे खाली, थेट वादकांच्या समोर. ज्या जागेसाठी इतरत्र सगळ्यात जास्त पैसे मोजावे लागले असते, ती इथे सगळ्यात स्वस्त. दुसरी अगदी वर, छताखालची गॅलरी. गुडघे दुखत असतील तर वर जा. तिथे लोक सतरंजी अंथरून खुशाल बसतात, काही जण डोळे मिटून आडवेसुद्धा होतात. पाश्चात्त्य संगीताची सवय नाही म्हणून बिचकू नका. सुरुवातीला ‘ओबो’ नावाचं वाद्य एकच सूर धरतं आणि बाकीचे सगळे त्या सुराला आपापलं वाद्य लावून घेतात. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तंबोरे लागताना सभागृहात जी शांतता पसरते, अगदी तीच. तेवढ्या एका क्षणानं मला ते संगीत आपलं वाटलं, तुम्हालाही वाटेल.

आता जेवणाचं. माझा एक नियम आहे आणि तो तुम्हीही पाळावा असं मला मनापासून वाटतं : एका संध्याकाळी एकच परिसर. जे बघायचं आणि जे खायचं ते चालत जाण्याच्या अंतरावर हवं. लंडन अफाट आहे. एका टोकाला जेवून दुसऱ्या टोकाला नाटक बघायला गेलात की निम्मी संध्याकाळ जमिनीखालच्या गाडीत जाते आणि नाटकाला बसाल तेव्हा जीव थकलेला असतो. तेव्हा प्रॉमसाठी शुक्रवार निवडा. जवळच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आहे. एरवी ते पावणेसहाला बंद होतं, शुक्रवारी मात्र रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. चार वाजता जा. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ तिथे आहे. श्रीरंगपट्टण 1799 मध्ये पडल्यावर इंग्रजांनी तो उचलून आणला. गोऱ्या माणसावर झेप घेतलेला वाघ, आणि त्याच्या पोटात चक्क बाजाच्या पट्ट्या बसवलेल्या. तो बघून झाला की तिथल्याच उपाहारगृहात चहा घ्या. जुनी दालनं आहेत, भिंतींना आणि खांबांना नक्षीदार चिनी माती, उंच रंगीत काचा. संग्रहालयात उपाहारगृह असण्याची प्रथा जगात इथूनच सुरू झाली. सौ.ना स्कोन आणि जॅम चालेल, पोट भरेल. मग चालत दहा-पंधरा मिनिटांत अल्बर्ट हॉल.

दुसरी संध्याकाळ थेम्सच्या दक्षिण काठाची. शेक्सपिअरच्या काळातलं नाट्यगृह होतं तसं पुन्हा बांधलंय, ते ग्लोब. 1997 मध्ये ते उघडलं. मधल्या उघड्या अंगणात सातशे माणसं उभी राहतात, तिकीट पाच पौंडांपासून. डोक्यावर आभाळ असतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा छत्री घेऊन गेले. आत छत्री उघडू देत नाहीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या अंकात सरी आल्या आणि मी चिंब झाले. तरी जागची हलले नाही, कारण नट माझ्यापासून चार हातांवर होता आणि तोही भिजत होता. तुम्ही टोपीचा रेनकोट न्या. अंगणात प्रयोग चालू असताना खाली बसता येत नाही, त्यामुळे तुमच्या वयाला तीन तास जड जातील असं वाटलं तर थोडे जास्त पैसे देऊन बाकावरची जागा घ्या आणि उशी भाड्यानं घ्या. इंग्रजी जुनं आहे, सगळं कळणार नाही. गोष्ट आधी मराठीत वाचून जा. आपल्याकडे या नाटकांची भाषांतरं शंभर वर्षांहून जुनी आहेत, ग्रंथालयात मिळतील.

तिथूनच नदीकाठानं पश्चिमेला चालत राहिलात की नॅशनल थिएटर लागतं. 1976 ची काँक्रीटची इमारत, बाहेरून रुक्ष वाटते, पण आतली मोठी दालनं सगळ्यांना मोकळी असतात. तिकीट नसलं तरी कुणी उठवत नाही. मी कितीतरी दुपारी तिथे डबा खाल्ला आहे. दर शुक्रवारी दुपारी एक वाजता ते पुढच्या आठवड्याची काही तिकिटं दहा पौंडांना काढतात, ‘फ्रायडे रश’ म्हणतात त्याला. मध्यंतरात इथे वड्यांऐवजी आइस्क्रीमचे छोटे डबे विकतात. झाकण उचललं की त्याच्या आतच इवलासा चमचा ठेवलेला असतो. आजूबाजूचे पांढऱ्या केसांचे आजी-आजोबा तो चमचा काढून लहान मुलांसारखे खायला लागतात. ते दृश्य मला फार आवडतं, तुम्हीही घ्या.

प्रयोग संपल्यावर लगेच स्टेशन गाठू नका. वॉटर्लू पुलाच्या मध्यावर जाऊन उभे राहा. एका हाताला संसद, दुसऱ्या हाताला सेंट पॉलचा घुमट. हा पूल दुसऱ्या महायुद्धात बांधला गेला तेव्हा मजुरांत बायका मोठ्या संख्येनं होत्या, म्हणून त्याला ‘लेडीज ब्रिज’ही म्हणतात. सौ.ना आवर्जून सांगा. जुलैत नऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे अंधार जेमतेम पडत असतो.

सौ.च्या जेवणासाठी यूस्टन स्टेशनजवळची ड्रमंड स्ट्रीट. भेळपुरी, डोसा, थाळी देणारी शाकाहारी उपाहारगृहं तिथे कित्येक वर्षांपासून आहेत. पण सहा आठवड्यांत एकदा पबमध्येही जा. पब म्हणजे आपल्याकडचा परमिट रूम नव्हे. तिथे रविवारी दुपारी नातवंडांसकट कुटुंबं जेवायला येतात. दारू घेतलीच पाहिजे असं काही नाही, ‘लाइम अँड सोडा’ मागा. वेटर येईल म्हणून बसून राहू नका, काउंटरवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. ग्लोबहून जवळ सदर्कमध्ये ‘जॉर्ज इन’ आहे. घोडागाड्या थांबायच्या त्या काळातली सराई, 1677 मध्ये पुन्हा बांधलेली, लाकडी सज्जे तसेच आहेत. अंगणात बसा.

आणि एक दुपार राखून ठेवा. प्रिमरोज हिलजवळ 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये बाबासाहेब शिकत असताना या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये ते विकत घेतलं आणि आता ते स्मारक आहे. साधं, अरुंद जिन्याचं घर. इथून रोज ग्रंथालयापर्यंतची ती पायपीट मनात आणून बघा. बाहेर पडल्यावर शेजारच्या टेकडीवर चढा, सगळं शहर समोर दिसतं. मी तिथे दर वर्षी एकदा जाते आणि बराच वेळ काही बोलावंसं वाटत नाही.

प्रश्न : मी सप्टेंबरमध्ये एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी लंडनला जाते आहे. मला रात्रीचं शहर बघायचं आहे, पण मी दारू पीत नाही आणि कर्णकर्कश क्लबमध्ये रमत नाही. एकटीनं फिरणं कितपत ठीक? आईला काळजी वाटते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : अगं, रात्रीचं लंडन तुझ्यासारख्यांसाठीच आहे. सोहोमधली फ्रिथ स्ट्रीट घे. तिथे ‘रॉनी स्कॉट्स’ हा जॅझचा क्लब आहे, 1959 पासूनचा, फ्रिथ स्ट्रीटवर आला तो 1965 मध्ये. लोक तिथे खरोखर ऐकायला येतात, वादन चालू असताना बोललीस तर शेजारचा वळून बघतो. उशिराचा कार्यक्रम स्वस्त पडतो. समोरच ‘बार इटालिया’, 1949 पासूनचं कॉफीचं दुकान. त्याच्या वरच्या खोलीत जॉन लोगी बेअर्ड यांनी जानेवारी 1926 मध्ये जमलेल्या शास्त्रज्ञांना टेलिव्हिजन पहिल्यांदा दाखवला. रस्त्यावरच्या खुर्चीत कॉफी घेऊन बसलीस की मध्यरात्रीपर्यंत अख्खं सोहो समोरून जातं.

विगमोर हॉलचं तिकीट मात्र पहिल्याच महिन्यात काढ. 1901 चं छोटं सभागृह, साडेपाचशे खुर्च्या. पस्तिशीच्या आतल्यांना बऱ्याच मैफलींची तिकिटं पाच पौंडांत देतात. पियानोवादक सुरुवात करण्यापूर्वी जो श्वास घेतो, तो तिथे मागच्या रांगेतही ऐकू येतो. आपलं गाणं ऐकावंसं वाटलं तर वेस्ट केन्सिंग्टनला भारतीय विद्या भवन आहे. आणि घरची आठवण आली तर महाराष्ट्र मंडळ. 1932 पासूनची संस्था आहे. गणपतीत नक्की जा, हक्कानं पंगतीत बस.

रात्री एक-दोन वाजता भूक लागली तर ब्रिक लेनवरचं ‘बेगल बेक’. चोवीस तास उघडं. बेगल म्हणजे मध्ये भोक असलेला ज्यू लोकांचा पाव, आधी पाण्यात उकळून मग भाजतात, म्हणून बाहेरून चकचकीत आणि आतून चिवट-मऊ. मांसाहारी असशील तर ‘सॉल्ट बीफ’ हा तिथला खास प्रकार, नसशील तर ‘क्रीम चीज’ माग. रात्रपाळी संपल्यावर आम्ही तिघी-चौघी तिथे जायचो. रांगेत टॅक्सीवाले, पोलीस, पार्टीहून परतलेली मुलं, सगळे एकामागे एक. काउंटरपाशी पोचण्याआधी काय हवं ते ठरवून ठेव, तिथल्या बायकांना वेळ नसतो. त्याच रस्त्यावर पुढे एक विटांची इमारत दिसेल. 1743 मध्ये फ्रान्समधून आलेल्या निर्वासितांनी ते चर्च म्हणून बांधलं, नंतर मेथडिस्टांचं प्रार्थनागृह, मग ज्यूंचं सिनेगॉग, आणि 1976 पासून बांगलादेशी मुसलमानांची मशीद. जो नवीन आला त्यानं तीच इमारत घेतली. दिवसा जाऊन नीट बघ.

आता आईसाठी. शुक्रवार-शनिवार रात्री भुयारी रेल्वेच्या पाच मार्गांवर रात्रभर गाड्या असतात. इतर दिवशी साडेबाराच्या सुमारास शेवटची गाडी धर, चुकली तर ‘एन’ अक्षराच्या बस आहेत. बसला रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागतं. रात्री वरच्या मजल्यावर जाऊ नकोस, खाली ड्रायव्हरजवळ बस. रस्त्यात हात दाखवून फक्त काळी टॅक्सी थांबवायची. बाकी कोणी गाडी थांबवून ‘सोडू का’ म्हणालं तर सरळ नाही म्हण, खासगी गाडी आधी नोंदवलेलीच असावी लागते. मी इतकी वर्षं रात्री-बेरात्री एकटीनं फिरले ते हे सगळं काटेकोर पाळून.

प्रश्न : लंडनमध्ये हॉटेलच्या बिलात टिप आधीच लावलेली असते असं ऐकलं. द्यावीच लागते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : बिलाच्या तळाशी बहुधा साडेबारा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ असतो आणि शेजारी बारीक अक्षरात तो ऐच्छिक असल्याचं लिहिलेलं असतं. सेवा चांगली मिळाली तर द्या, आणि एकदा दिल्यावर वर वेगळी टिप ठेवू नका. एकदा लेस्टर स्क्वेअरजवळच्या एका ठिकाणी माझ्या पाहुण्यांना गार जेवण वाढलं. मी तो चार्ज काढायला सांगितला, त्यांनी निमूटपणे काढला. नाटकाआधीचं जेवण त्या चौकात घेऊच नका. दोन गल्ल्या आत शिरा, दरवाज्यावरचं दरपत्रक वाचा आणि मग बसा. पाण्याची बाटली घ्यायची गरज नाही. ‘टॅप वॉटर’ म्हणा. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या ठिकाणी ते फुकट द्यावंच लागतं. पबमध्ये काउंटरवर पेय घेतलं तर टिप देत नाहीत.